दूरचित्रवाणीची घरगुती कोठी

दूरचित्रवाणीवरील चित्र हे पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखे असते. ते उमटते आणि त्याच क्षणी पुसले जाते. पुस्तक फडताळात राहते, वृत्तपत्रातील कात्रणे वहीत चिकटवून ठेवता येतात, ग्रामोफोनची तबकडी पुन्हा वाजविता येते. परंतु एखाद्या सायंकाळी प्रक्षेपित झालेला कार्यक्रम ज्याने पाहिला त्याने पाहिला, इतरांच्या वाट्याला त्याचे केवळ वर्णन येते. ही स्थिती पालटण्याचे जे अनेक प्रयत्न झाले त्यांपैकी एकाची माहिती या प्रकरणात आपण करून घेणार आहोत. तो प्रयत्न म्हणजे लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरून घरच्या घरी सिद्ध केलेला, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करून जपून ठेवणारा संगणक होय.

उदाहरणासाठी आपण जयपूर हे शहर निवडले आहे. त्याला दोन कारणे आहेत. उपग्रहाकडून आलेले चित्र भारतीय खेड्यांत प्रथम जेथे थेट उतरले, त्या मोजक्या जिल्ह्यांपैकी जयपूर हा एक होता. दुसरे असे की, उपग्रहाकडे थाळी वळविण्यासाठी जे दोन कोन माहीत असावे लागतात, तेच दोन कोन मोजणारी दगडी यंत्रे या शहरात सुमारे तीनशे वर्षांपासून उभी आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला आपल्या गावासाठी यात फक्त कोन बदलावे लागतील. बाकीचे सर्व विवेचन जसेच्या तसे लागू पडेल.

पुसल्या गेलेल्या फिती

प्रथम असा प्रश्न पडेल की, कार्यक्रम जपून ठेवणे हे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचे काम असताना सामान्य प्रेक्षकाने त्या खटाटोपात का पडावे? इतिहास पाहिला तर याचे उत्तर मिळते. चित्रमुद्रणाची फीत दीर्घकाळ अत्यंत महाग होती. एकदा मुद्रित केलेला कार्यक्रम प्रक्षेपित झाला की, तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची प्रथा जगभर होती. ब्रिटनमधील बीबीसीने १९६३ मध्ये सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे १९६० च्या दशकातील सुमारे शंभर भाग अशा रीतीने नाहीसे झाले. मात्र या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो केवळ आवडीखातर मुद्रित करून ठेवला होता. संस्थेच्या भांडारात जे उरले नाही, ते घराघरांतील कपाटांत उरले.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली. त्यानंतरच्या काळात फितींच्या टंचाईमुळे पुष्कळ कार्यक्रम पुसले गेले. नाट्यप्रवेश, मुलाखती, मैफली, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम यांपैकी जे उरले आहेत ते मोलाचे आहेत. पण जे गेले त्यांची मोजदाद करणेही अवघड आहे.

एका व्यक्तीच्या चिकाटीने काय साधू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स या एकेकाळी ग्रंथपाल असलेल्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बातम्यांच्या वाहिन्या रात्रंदिवस मुद्रित करून ठेवल्या. त्यांच्या मागे सत्तर हजारांहून अधिक कॅसेटी उरल्या आणि पुढे तो संग्रह एका सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयाकडे गेला. एवढा पसारा प्रत्येकाला झेपणार नाही, हे उघड आहे. परंतु आता त्याची आवश्यकताही उरलेली नाही. आपण पुढे पाहणार आहोत त्याप्रमाणे, शेकडो कॅसेटींचे काम आज तळहातावर मावणारी एक चकती करते.

जयपूरच्या गच्चीवर

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग भारतात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याची ही योजना होती. राजस्थानात त्यासाठी जयपूर, कोटा आणि सवाई माधोपूर हे जिल्हे निवडले होते. गावातील सार्वजनिक जागी तीन मीटर व्यासाची थाळी उभारण्यात येई. ती अखंड पत्र्याची नसून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची असे. प्रक्षेपणाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होती. एवढ्या लांब लहरीला जाळीची बारीक भोके जाणवतच नाहीत. जाळी तिला पत्र्याप्रमाणेच परतविते.

आज जयपूरच्या गच्च्यांवर दिसणाऱ्या थाळ्या जेमतेम ६० सेंटिमीटर व्यासाच्या असतात. प्रसार भारतीची विनाशुल्क उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ‘डीडी फ्री डिश’ हे तिचे आजचे नाव. तिचे संदेश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर असल्यासारखा दिसतो. त्याच्या संदेशांची वारंवारता सुमारे ११ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे लहरीची लांबी तीन सेंटिमीटरांहूनही कमी आहे. लहर आखूड झाली की लहान थाळीही तिला एकवटू शकते. मात्र तिचा नेम अधिक अचूक असावा लागतो. साइटच्या जाळीदार थाळीला आकाशाचा सुमारे आठ अंश रुंदीचा भाग ‘दिसत’ असे. आजच्या थाळीला जेमतेम तीन अंशांचा दिसतो. तीन अंश म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या सहापट. तेवढ्या जागेत उपग्रह सापडला पाहिजे.

त्यासाठी दोन कोन लागतात. क्षितिजापासून किती वर पाहावयाचे, हा उन्नतांश. आणि कोणत्या दिशेकडे तोंड करावयाचे, हा दिगंश. १७२७ मध्ये जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंगाने तेथे उभारलेल्या जंतरमंतरमधील राम यंत्र नेमके हेच दोन कोन मोजते. वर उघड्या असलेल्या दोन वर्तुळाकार वास्तूंची ती जोडी आहे. एकीमध्ये निरीक्षकाला उभे राहण्यासाठी जेथे मोकळी जागा सोडली आहे, तेथे दुसरीमध्ये अंशांच्या खुणा कोरल्या आहेत. त्यामुळे दोन्ही मिळून आकाशाचा कोणताही भाग सुटत नाही.

जयपूरचा अक्षांश सुमारे २६.९ अंश उत्तर आणि रेखांश ७५.८ अंश पूर्व आहे. यावरून गणित केले असता, उपग्रह तेथून सुमारे ५३ अंश उंचीवर आणि दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ३५ अंश कललेला दिसावयास हवा, असे निघते. पुण्याहून पाहिल्यास तोच उपग्रह सुमारे ५९ अंश उंचीवर आणि दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ४८ अंशांवर असेल. येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. घरगुती थाळीचा आकार असा असतो की, ती दिसते त्यापेक्षा वीस ते पंचवीस अंश अधिक उंच पाहत असते. त्यामुळे ५३ अंशांवरील उपग्रहासाठी लावलेली थाळी पाहणाऱ्याला बरीच उभी वाटते. हे ध्यानात न घेता थाळी ५३ अंशांवर वळविली, तर ती जवळजवळ डोक्यावरच्या आकाशाकडे पाहत राहते आणि पडद्यावर काहीच येत नाही.

निसर्गानेही या कामी एक सोय करून ठेवली आहे. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस सूर्य जयपूरहून पाहता नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. वेळ असते सकाळी अकराच्या सुमाराची. त्या काही मिनिटांत सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ-गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडून जातो आणि चित्र बिघडते. प्रेक्षकाला हा उपद्रव वाटतो. पण थाळी लावणाऱ्याला तेथे उपग्रहाची जागा फुकट दाखविली जाते. त्या वेळी थाळीच्या पुढील दांड्यावरील ग्राहकाची सावली कोठे पडते याची खूण करून ठेवावी. एखाद्या आंधीने किंवा माकडाने थाळी हलविली, तर पुढच्या खेपेस त्याच खुणेवरून ती जागेवर आणता येते.

लहरींचे अंक कसे होतात

जयपूरपासून उपग्रहाचे अंतर सुमारे ३६,९०० किलोमीटर आहे. एवढ्या दुरून आलेला संदेश अतिशय क्षीण असतो. थाळी तो एकवटून दांड्यावरील लहानशा डबीकडे पाठविते. डिश लावणारे कारागीर तिला ‘एलएनबी’ म्हणतात. ही डबी दोन कामे करते. पहिले, संदेशाचे वर्धन; दुसरे, त्याची वारंवारता उतरविणे. ११.५ गिगाहर्ट्‌झचा संदेश साध्या केबलमधून गच्चीवरून खोलीपर्यंत येईतो वाटेतच विरून जाईल. म्हणून डबी त्यातून ९.७५ गिगाहर्ट्‌झ वजा करते आणि उरलेला १.७५ गिगाहर्ट्‌झचा संदेश खाली पाठविते. केबल तेवढा भार सहज वाहते.

खोलीत ही केबल संगणकाला जोडलेल्या ट्यूनरमध्ये जाते. हा ट्यूनर संगणकाच्या आत बसणारे कार्ड असेल किंवा बाहेरून जोडण्याची डबी असेल. त्याचे काम लहरींतून अंक वेगळे काढणे हे होय. एका वेळी तो उपग्रहाच्या एकाच प्रक्षेपकाशी जुळतो. परंतु अशा एका प्रक्षेपकावर अनेक वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात. सेकंदाला सुमारे चार कोटी अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक यांचा, तो एक प्रवाह असतो. हा प्रवाह १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांत विभागलेला असून प्रत्येक पुडक्यावर क्रमांक असतो. टपाल कचेरीत एकाच थैलीतून आलेली पत्रे पत्त्यानुसार निरनिराळ्या खणांत टाकावीत, तशी ही पुडकी क्रमांकानुसार वेगळी केली की, प्रत्येक वाहिनीचे चित्र आणि आवाज सुटे होतात.

यातून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. दोन वाहिन्या एकाच प्रक्षेपकावर असतील, तर एकाच ट्यूनरने दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी मुद्रित करता येतात. त्या वेगवेगळ्या प्रक्षेपकांवर असतील, तर मात्र दोन ट्यूनर लागतात. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या आवडीच्या वाहिन्या कोणकोणत्या प्रक्षेपकांवर आहेत याची यादी करावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या वाहिन्या सांकेतिक कुलुपाशिवाय प्रक्षेपित होतात, त्याच या रीतीने मुद्रित करता येतात. कुलूपबंद वाहिन्यांची किल्ली सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या पेटीत असते आणि ते कुलूप फोडणे हा आपल्या विषयाचा भाग नव्हे.

संगणकाची जुळणी

अशा कामाला शक्तिमान आणि महागडा संगणक लागत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. एके काळी तो खराही होता. पूर्वीच्या अनुरूप प्रक्षेपणात चित्राचे अंक संगणकालाच करावे लागत. ७२० गुणिले ५७६ बिंदूंची २५ चित्रे दर सेकंदाला न आवळता साठवावयाची, तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागे. आणि ती जागा वाचविण्यासाठी चित्रे आवळत बसावे, तर तेव्हाचे संगणक दमून जात. आता ही आवळण्याची क्रिया प्रक्षेपणापूर्वीच झालेली असते. घरच्या संगणकाने आलेली पुडकी जशीच्या तशी चकतीवर लिहून ठेवावयाची, एवढेच. साध्या प्रतीच्या वाहिनीसाठी सेकंदाला ४० लाख अंक धरले, तर तासाला सुमारे १.८ गिगाबाइट होतात. म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, अडगळीत पडलेला संगणकही हे काम सहज करतो.

साठवणीचा हिशेबही वाचकाने स्वतः करून पाहावा. चार टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर वरील दराने सुमारे २,२०० तासांचे मुद्रण मावते. रोज एक तास धरला तर ते सहा वर्षे पुरेल. तेवढेच मुद्रण तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटींवर करावयाचे म्हटले, तर सातशेहून अधिक कॅसेटी आणि त्या ठेवण्यासाठी एक मोठे कपाट लागेल.

विजेचा खर्चही पाहावा लागतो. ३० वॉटचा संगणक अहोरात्र चालू ठेवला, तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते. मात्र तो सतत चालू ठेवण्याची गरज नाही. मुद्रणाची वेळ जवळ आली की आपोआप जागे होण्याची आणि काम संपल्यावर झोपी जाण्याची व्यवस्था करता येते. जयपूरसारख्या शहरात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि वाळवंटाकडून धूळ येते. हार्ड डिस्कला दोन्ही बाधतात. संगणक भिंतीपासून थोडा दूर, हवेशीर जागी ठेवावा आणि पंख्यावरील धूळ वेळोवेळी काढावी. वीज अकस्मात गेल्यास लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू नये, म्हणून लहानसा यूपीएस जोडणे हिताचे असते.

लिनक्सच का?

आता या प्रकरणातील मुख्य मुद्द्याकडे वळू. कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या तयार पेट्या बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत अशी घोषणा केली की, कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि इतरांना देता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली आपण निर्माण करणार आहोत. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिहिलेला गाभा या प्रयत्नाला येऊन मिळाला; त्याचेच नाव लिनक्स. ज्या परवान्याखाली तो दिला जातो, त्याची अट अशी की, जो कोणी तो आपल्या यंत्रात घालून विकेल त्याने आज्ञावलीचा मूळ मजकूरही ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा.

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘टिवो’ नावाची मुद्रणपेटी विक्रीस आली. तिच्या आत लिनक्सच होते. कंपनीने परवान्यानुसार मूळ मजकूर दिला. परंतु पेटीची रचना अशी केली की, ग्राहकाने त्यात बदल केल्यास पेटी ती बदललेली आज्ञावली चालविण्यास नकार देई. घर विकत द्यावे, त्याचा नकाशाही द्यावा, पण भिंतीत खिळा ठोकण्यास मनाई करावी, असा हा प्रकार होता. त्यातून मोठा वाद उद्भवला. २९ जून २००७ रोजी त्या परवान्याची जी तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात ही पळवाट बुजविणारे कलम घालण्यात आले. लिनक्सच्या गाभ्याने मात्र आपला जुना परवाना कायम ठेवला. टोर्वाल्ड्‌स यांना ती नवी अट मान्य नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक होत्या. पण वाद ज्यावरून झाला ते यंत्र दूरचित्रवाणी मुद्रित करणारे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपण मुद्रित केलेला कार्यक्रम आपला की पेटीचा, हा प्रश्न त्यावरून मनात येतो.

विकतच्या पुष्कळ पेट्यांत मुद्रण हे त्या पेटीपुरतेच असते. ते दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. वर्गणी संपली की पुष्कळदा दिसेनासे होते. पेटी बिघडली तर तिच्याबरोबर जाते. धान्याची कोठी आपल्या घरात, पण तिची किल्ली व्यापाऱ्याकडे, अशी ही स्थिती असते. घरी जुळविलेल्या लिनक्स संगणकात तसे होत नाही. तेथे मुद्रण ही एक साधी फाइल असते. ती दुसऱ्या चकतीवर उतरविता येते, दुसऱ्या संगणकावर पाहता येते आणि वीस वर्षांनी तो संगणक मोडीत निघाला तरी ती वाचण्याची रीत सर्वांसाठी खुली असते.

या कामासाठी लागणाऱ्या आज्ञावल्याही अशाच मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत. जर्मनीतील क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० मध्ये ‘व्हीडीआर’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्‌स यांनी अमेरिकेत ‘मिथटीव्ही’चा आरंभ केला. ‘टीव्हीहेडएंड’ ही तिसरी. तिघींचे अंतरंग वेगळे असले तरी कामाची विभागणी एकच आहे. लिनक्सचा गाभा ट्यूनरशी बोलतो; मुद्रणाची आज्ञावली त्याला कोणता प्रक्षेपक पकडावयाचा ते सांगते, वेळापत्रक सांभाळते आणि पुडकी चकतीवर लिहिते; पाहण्याची आज्ञावली मग ती फाइल पडद्यावर दाखविते. मुद्रण करणारा संगणक माळ्यावर आणि पाहणारा दिवाणखान्यात, अशीही व्यवस्था त्यामुळे शक्य होते.

प्रथम एकदाच काही माहिती भरावी लागते : उपग्रह कोणता, डबी कोणत्या जातीची, प्रक्षेपकाची वारंवारता किती, लहर उभी की आडवी आणि अंकांचा वेग किती. एवढे सांगितले की, आज्ञावली प्रवाहातच दडलेली वाहिन्यांची सूची शोधून काढते. ट्यूनर घेण्यापूर्वी मात्र त्याला लिनक्सचा आधार आहे याची खात्री करून घ्यावी. ही काळजी न घेतल्यास जुळणी पुष्कळदा येथेच अडते.

घड्याळाचे महत्त्व

समजा, जयपुरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला सह्याद्री वाहिनीवरील सायंकाळी सात वाजताचा कार्यक्रम रोज मुद्रित करावयाचा आहे. वरवर पाहता हे सोपे दिसते. परंतु सात कोणाच्या घड्याळाचे? जंतरमंतरमधील सम्राट यंत्र जयपूरची सूर्यवेळ दाखविते. ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटांनी मागे असते. कारण प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि जयपूर त्याच्या पश्चिमेस आहे. उपग्रहाच्या प्रवाहातून येणारी वेळ तिसरीच, म्हणजे आंतरराष्ट्रीय वेळ असते. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. संगणकात प्रदेशाची नोंद भारत अशी केली नाही, तर सात वाजताचे मुद्रण मध्यरात्री साडेबारा वाजता सुरू होईल आणि कुटुंबाला दुसऱ्या दिवशी भलताच कार्यक्रम पाहावा लागेल. म्हणून कार्यप्रणाली घालतानाच हे तपासावे आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील असे करावे.

घड्याळ अचूक असूनही कार्यक्रम वेळेवर सुरू होईलच असे नाही. म्हणून दोन मिनिटे आधी आरंभ आणि दहा मिनिटे उशिरा अंत, अशी सवड ठेवतात. पावसाळ्यात दाट ढग आले की आखूड लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, पुडकी गहाळ होतात आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे कार्यक्रमाचे पुनःप्रक्षेपण असल्यास तेही मुद्रित करून ठेवणे.

कायदा आणि जबाबदारी

घरी कार्यक्रम मुद्रित करणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १७ जानेवारी १९८४ रोजी त्या न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा कायद्याचा भंग नव्हे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क दिला आहे. तथापि त्याच अधिनियमाच्या ३९ व्या कलमात म्हटले आहे की, मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या उपयोगासाठी, किंवा केवळ अध्यापन व संशोधन या प्रामाणिक हेतूने केलेल्या ध्वनी वा दृश्य मुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही. याचा अर्थ असा की, घरच्या कोठीत साठविणे वेगळे आणि त्या कोठीतील माल बाजारात नेणे वेगळे. मुद्रित केलेला कार्यक्रम विकणे किंवा जाहीरपणे प्रसृत करणे, ही सवलत या कलमात नाही.

साठविण्याबरोबर एक जबाबदारीही येते. ग्रंथालयाशी संबंध असलेल्या वाचकांना हे सांगावयास नको की, नोंद नसलेले पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकासारखेच असते. प्रत्येक मुद्रणाबरोबर कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख, सहभागी व्यक्ती आणि विषय यांची दोन ओळींची टिपण करून ठेवावी. दुसरे म्हणजे, हार्ड डिस्क आज ना उद्या बिघडतेच. ज्या कार्यक्रमाचे मोल वाटते त्याच्या दोन प्रती असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. जे मोलाचे नाही ते निःसंकोचपणे पुसावे. कोठीतले धान्य जसे वेळोवेळी पाखडावे लागते, तसेच हेही आहे.

साइटच्या वर्षात जयपूर जिल्ह्यातील खेड्यांत संध्याकाळी माणसे जाळीच्या थाळीखाली जमत, कार्यक्रम पाहत आणि घरी परतत. आकाशातून आलेले चित्र त्यांना पाहता येत होते. ठेवता येत नव्हते. पुढे दूरदर्शनची जमिनीवरील अनुरूप प्रक्षेपणकेंद्रेही काळाच्या ओघात बंद होत गेली आणि २०२२ पर्यंत त्यांपैकी बहुतेक इतिहासजमा झाली. प्रक्षेपणाच्या रीती अशाच बदलत राहतील. आज कुलुपाविना येणाऱ्या वाहिन्या उद्या तशाच येतील, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. मात्र आज गच्चीवरची साठ सेंटिमीटरची थाळी, अडगळीतला संगणक आणि कोणाच्याही मालकीची नसल्यामुळे सर्वांची असलेली एक कार्यप्रणाली एवढ्या सामग्रीवर कोणत्याही कुटुंबाला ते चित्र आपल्या हाती ठेवता येते. एखाद्या वृद्ध गायकाची मुलाखत, एखाद्या बोलीतील कथाकथन, एखाद्या दुष्काळी वर्षातील बातमीपत्र यांची दुसरी प्रत कोठे आहे, असे पुढे कोणी विचारील, तेव्हा ती अशाच एखाद्या घरात सापडण्याचा संभव आहे.